किक गाण्याला सोडून पळते, काय करू?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की रिमिक्स शिकायचंय त्यांनी प्रश्न पाठवा, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट असा ढीगच लागला. एकाच्या तर व्हॉइस नोटमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या आणि तो मधेच "आई, गॅस बंद कर ना" म्हणतोय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळली, गावं ठेवली.

दादा, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. गाणी करायच्या सॉफ्टवेअरचं विचारलं तर एक मित्र म्हणतो एफएल स्टुडिओ क्रॅक करून (म्हणजे पैसे न देता) टाकून देतो, दुसरा म्हणतो एबलटनशिवाय खरं काम होत नाही. सुरुवात नक्की कशाने करू? (इस्लामपूर)

पहिला आठवडा दोन्ही नको. ऑडॅसिटी टाक. फुकट आहे, हलकं आहे, तुझ्या लॅपटॉपवर आरामात पळेल. त्यात एक गाणं उघड, हेडफोन लाव आणि हाताने टाळी देत मोज, एक दोन तीन चार. गाण्यातले चार बार (एक बार म्हणजे असे चार ठोके) बरोब्बर कापून लूपवर टाक, म्हणजे तेच परत परत वाजेल. लूप फिरताना ठेच लागली नाही, म्हणजे गाणं कुठून कापलंय तेच कळलं नाही, तर तू पास. ऐकायला पोरखेळ वाटतो, करायला बस, पहिल्या दिवशी पंधरा वेळा चुकशील आणि त्या पंधरा वेळांत जे कळतं ते कुठल्याच व्हिडिओत नसतं.

मग सॉफ्टवेअर. आपल्याकडच्या डीजे पोरांत एफएल स्टुडिओच जास्त चालतं, त्यामुळे अडलास तर विचारायला माणूस सापडतो, हा फायदा छोटा समजू नको. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं आहे, आधी फ्रूटीलूप्स म्हणायचे, २००३ मध्ये नाव बदललं, जुनी मंडळी अजून फ्रूटीच म्हणतात. त्याची ट्रायल फुकट आहे आणि तिला मुदत नाही, सगळं वापरता येतं, तयार गाणं बाहेरही काढता येतं. फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडत नाही, म्हणजे एका बैठकीत जे होईल ते. शिकायला हे वाईट नाही, उलट रोज नव्याने बसावं लागतं. विकत घेताना मात्र एक गोष्ट बघ. सगळ्यात स्वस्त जी फ्रूटी एडिशन आहे तिच्यात बरीच वर्षं प्लेलिस्टवर (म्हणजे गाणं मांडायच्या पटावर) गाण्याची ऑडिओ क्लिप टाकताच यायची नाही आणि रिमिक्समध्ये आपलं सगळं काम त्याचंच, म्हणून आताच्या व्हर्जनमध्ये येते का ते बघूनच घे. येत नसेल तर प्रोड्युसर एडिशन लागते. स्वस्त मिळतेय म्हणून फ्रूटी घेऊन कपाळावर हात मारलेले दोघंजण मला माहिती आहेत. एकदा घेतलं की पुढच्या व्हर्जनचे पैसे लागत नाहीत, तेवढं बरं आहे.

तेवढे पैसे नसतील तर रीपर बघ. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतरचं साधं लायसन्स ६० डॉलरला आहे, इन्स्टॉलची फाइल एवढीशी असते आणि जुन्या मशीनवर लोण्यासारखं चालतं. दिसायला रुक्ष आहे, मान्य. एबलटन लाइव्ह बर्लिनचं, २००१ पासूनचं, गाणं ताणण्या-आवळण्यात फार हुशार, पण "त्याशिवाय काम होत नाही" हे ज्याने सांगितलं त्याचं काम एकदा मागून ऐक.

क्रॅकचं माझ्यावर बेतलेलं सांगतो. त्यात लिहिलं होतं अँटीव्हायरस बंद करा, केला शहाण्यासारखा. आठ दिवसांनी सगळ्या फायलींची नावं बदलली, एकही उघडेना, आणि त्यात बहिणीच्या साखरपुड्यासाठी महिनाभर बसून केलेलं गाणं होतं. साखरपुड्यात शेवटी पेनड्राइव्हवरचं मूळ गाणंच वाजलं आणि मी मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

४ जीबीवर आवाज तडतडला तर ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (आवाज आधी साठवायची जागा) ५१२ किंवा १०२४ कर, ब्राउझर बंद कर, आणि ज्या ट्रॅकचं काम झालं तो वेव्ह फाइल करून परत आत घे, म्हणजे प्लगिनचा (इफेक्ट आणि वाद्यांच्या जोड-प्रोग्रामचा) भार उतरतो.

मी एक जुनं मराठी गाणं घेतलं, सॉफ्टवेअरने टेम्पो १०४ (मिनिटाला १०४ बीट) दाखवला, त्यावर साधी फोर बाय फोर किक, म्हणजे दर बीटला ड्रमचा एक जाड ठोका, लावली. पहिल्या ओळीला भारी वाटतं, पण अर्ध्या मिनिटात किक गाण्याला सोडून पळते. तीन वेळा परत केलं. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड आहे का? (चिपळूण)

बिघाड नाही रे, हा प्रश्न आला नसता तर मीच लिहिणार होतो. ढिगातली निम्मी पत्रं याचीच आहेत.

जुनी गाणी माणसांनी वाजवलीत. तबलावाला, ढोलकीवाला, व्हायोलिनची रांग, सगळे एका खोलीत बसून, कानात टिकटिक नसताना. मुखड्याला गाणं १०४ वर असेल, अंतऱ्याला १०५, ढोलकीवाला रंगात आला की शेवटाला १०७. ऐकताना आपल्याला कळतही नाही, उलट गाणं चढतंय म्हणून मजा येते. तुझी किक मात्र कॉम्प्युटरची, ती १०४ म्हणजे १०४. आता हिशोब कर, मिनिटाला नुसत्या एका बीटचा फरक असला तरी अर्ध्या मिनिटात अर्ध्या बीटचा फरक पडतो, म्हणजे किक बरोब्बर दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. तुला जे अर्ध्या मिनिटात ऐकू आलं ते हेच.

उपाय दोन. एक, किकला गाण्याच्या मागे पाठवायचं, म्हणजे प्रोजेक्टचा टेम्पोच गाण्याबरोबर वरखाली करायचा. ऐकायला गोड लागतं, पण पुढे कोणी डीजे ते दुसऱ्या गाण्याला जोडायला गेला की तुझ्या नावाने शिव्या. दोन, गाण्याला किकच्या मागे आणायचं. डीजेसाठी हेच लागतं, पण एकदम अख्खं गाणं ताणून हे होत नाही, तुकड्यातुकड्याने करावं लागतं.

मी करतो ते असं. गाणं लावून आधी कागदावर लिहून काढतो, मुखडा किती बार, म्युझिक किती, अंतरा किती. मग दर चार बारला जिथे सम येते तिथे काप. एफएलच्या प्लेलिस्टमध्ये सी दाबलं की कापायचं टूल येतं, रीपरमध्ये कर्सर ठेवून एस. मग प्रत्येक तुकडा ताणून किंवा आवळून चार बारच्या चौकटीत बसवायचा. न कापता करायचं असेल तर रीपरमध्ये शिफ्ट डब्ल्यूने स्ट्रेच मार्कर लागतो आणि एबलटनमध्ये वॉर्प मार्कर असतात, सम पकडून रेषेवर ओढायची. चार मिनिटांच्या गाण्याला पहिल्या वेळी दोन संध्याकाळी जातील. मला अजूनही तास लागतो.

एफएलमध्ये एक खोड आहे. क्लिपचा स्ट्रेच मोड आधीपासून रीसॅम्पलवर असतो, त्यात स्पीड वाढवला की सूरही चढतो, बाईचा आवाज चिमणीसारखा होतो. तो बदलून ई थ्री जेनेरिक वगैरे कर, मग सूर जागच्या जागी राहतो. आणि फार ताणू नको. ९२ चं गाणं १०० वर नेलं तर जेमतेम नऊ टक्के, चालतं. ८० चं गाणं १२८ वर नेलंस तर गायकाचा श्वाससुद्धा कापल्यासारखा येतो, त्यापेक्षा गाणं ६४ वर आणून किक दुप्पट चालव, गाण्याची चाल संथ राहते आणि खालून ठेका पळतो, नाचणाऱ्याला तेच हवं असतं.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला कळायला वर्ष लागलं. ओळ "सो" किंवा "शे" अशा अक्षराने सुरू होत असेल तर वेव्हमध्ये (आवाजाच्या आकृतीत) आधी स-श ची हिस्स दिसते आणि मग आवाज फुगतो. नवीन माणूस ती हिस्स बीटवर ठेवतो आणि मग ओळ कायम उशिरा आल्यासारखी वाटते. कानाला बीट लागते ती स्वराला, "सो" मधल्या ओ ला. हिस्स रेषेच्या अलीकडे जाऊ दे, फुगवटा रेषेवर ठेव. डोळ्याला चूक दिसेल, डोळे मिटून ऐक.

गाण्यातून फक्त गायकाचा आवाज वेगळा काढता येतो असं ऐकलं. मी एका वेबसाइटवर काढला पण पाण्यात बुडून गायल्यासारखा येतोय. (नांदेड)

येतो काढता. पूर्वीचा जुगाड वेगळा होता, स्टिरिओ गाण्यात गायक मधोमध असतो म्हणून एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळायची, मधला आवाज गायब, कराओके तयार. म्हणजे त्यात गायक काढून टाकता यायचा, गायक हाती लागायचा नाही. आणि गाणं मोनो असलं, जुनी बरीचशी मोनोच, तर दोन्ही बाजू एकच, उलटवल्या की सगळंच शांत.

आता मशीनला शिकवलेले प्रोग्राम आहेत. डीझर या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये स्प्लीटर फुकट खुलं केलं आणि तिथून लाटच आली, मेटाचं डेमक्स आलं, आणि हे असले मॉडेल घरच्या कॉम्प्युटरवर चालवायला अल्टिमेट व्होकल रिमूव्हर नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तुमच्या वेबसाइटपेक्षा तो बरा, वेळ लागतो, चहा करून या. मोनो गाण्यावरही चालतो कारण तो बाजू बघत नाही, आवाजाचा पोत बघतो.

बुडबुड्याचं कारण बहुतेक वेळा आपण दिलेली फाइल असते. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली एमपी थ्री, त्यात आधीच वरचे सूर कापलेले, त्यातून अजून कापणार म्हणजे काय उरणार? सीडीवरून काढलेली वेव्ह फाइल द्या, नसेल तर ३२० केबीपीएसची द्या. तरी थोडा बुडबुडा राहणारच, विशेषतः सारंगी, व्हायोलिन, शहनाई आवाजाच्या अगदी मागे मागे चालत असेल तिथे, कारण तो पोत गळ्याच्या जवळचा आहे. मग तो लपवायचा. आवाजाखालचं १०० हर्ट्झच्या आसपासचं सगळं फिल्टरने काढून टाका, दोन ओळींच्या मधल्या शांततेत जी कुजबुज उरते ती हाताने कापा, थोडा रिव्हर्ब (घुमारा) द्या, आणि मूळ गाण्यात जिथे शहनाई होती तिथेच आपला पॅड (सिंथचा लांब, मऊ सूर) किंवा बासरी ठेवा. नुसता आवाज सोलो करून ऐकत बसलात तर वेड लागेल. पूर्ण गाण्यात ऐकायचं.

मी केलेलं रिमिक्स यूट्यूबवर टाकलं, खाली "क्रेडिट टू ओनर, नो कॉपीराइट इन्टेंडेड" लिहिलं तरी क्लेम आला. ३० सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं ना? (नागपूर)

नाही चालत. ३० सेकंद, १५ सेकंद, ७ सेकंद असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही, ही चौकातली अफवा आहे आणि ते इंग्रजी वाक्य लिहिणं म्हणजे दुसऱ्याची गाडी घेऊन जाताना "गाडी माझी नाही" अशी चिठ्ठी ठेवून जाणं.

थोडक्यात असं, एका गाण्यात तीन मालकी असतात. शब्दांची, चालीची आणि त्या रेकॉर्डिंगची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड फार जुनी आहे म्हणून मोकळी झाली असं समजू नका, रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी चाल मोकळी नसू शकते. २०१२ च्या दुरुस्तीत कव्हर व्हर्जनची वाट ठेवलीय, कलम ३१ सी, पण त्यात मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, कमीत कमी ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ते नव्याने गाऊन केलेल्या गाण्यासाठी. मूळ गायकाचा आवाज उचलून रिमिक्स करायचं तर कंपनीची परवानगी, दुसरी वाट नाही.

क्लेम आणि स्ट्राइक यात फरक आहे, घाबरू नका. कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या आपोआप गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेचा) क्लेम आला म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे मालकाला जातात, कधी व्हिडिओ काही देशांत बंद होतो. स्ट्राइक ही वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या तर चॅनल जाऊ शकतं. शिकण्यासाठी घरात काहीही रिमिक्स करा, कोणी बघायला येत नाही. बाहेर टाकायचं तर ज्यांनी स्वतःहून रिमिक्ससाठी ट्रॅक दिलेत ते वापरा, रिमिक्स स्पर्धा असतात त्यात कंपन्याच गायकाचा सुटा आवाज देतात, बुडबुडा नाही, क्लेम नाही.

माझी आजी आमच्या गावची धवलारीण आहे, आता ७८ वर्षांची, लग्नाला जात नाही. मी तिचे दोन धवळे मोबाईलवर रेकॉर्ड केलेत. माझ्या दादाच्या हळदीला आजीचाच आवाज डीजेवर वाजावा असं मनात आहे. पण ती कुठल्याच ठेक्यात गात नाही, दोन दिवस प्रयत्न करून रडायला आलं. (पेण)

ताई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रायगडकडे आगरी लोकांत लग्नाचे विधी भटजीच्या बरोबरीने धवलारीण चालवते, एकेका विधीचं गाणं म्हणजे धवळा म्हणून.

पहिली गोष्ट, आजी ठेक्याबाहेर गात नाहीये. धवळा विधीबरोबर चालतो, हळद लावायला वेळ लागला तर ओळ लांबते, कोणी पाट सरकवला तर थांबते. त्याला १०० बीपीएमच्या चौकटीत बसवायला गेलीस म्हणून रडायला आलं. अख्खं गाणं ताणायचा नाद सोड.

ओळीओळीने काप. एक ओळ, एक तुकडा. त्यात सगळ्यात जोर कुठल्या अक्षरावर आहे ते शोध, ओळीच्या सुरुवातीलाच असेल असं नाही, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर आजी वजन टाकते. ते अक्षर समेवर ठेव, बाकीची ओळ कशी वाहायची तशी वाहू दे, अजिबात ताणू नको. ओळ संपली की दोन बार नुसतं वाजू दे, मग पुढची ओळ. असं केलं की ऐकणाऱ्याला वाटतं आजी ठेक्यावर गातेय, आणि खरं तर ठेकाच आजीसाठी थांबलेला असतो. सुरुवातीच्या दोन ओळींना तर ठेका देऊच नको, नुसता आजीचा आवाज आणि खाली एक तानपुऱ्यासारखा सूर. मंडपात बडबड थांबेल बघ, मग किक सोड.

तो खालचा सूर आजीचा असू दे. ती पेटी घेऊन गात नाही, तिचा सा काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी असेल, आणि दुसऱ्या धवळ्याला अजून खाली. आजीला पेटीवर आणू नको, पेटीला आजीवर आण, सगळ्या सिंथला (कॉम्प्युटरच्या पेटीला) फाइन ट्यून असतं, शंभर सेंट म्हणजे एक पट्टी, चाळीस-पन्नास सेंट वरखाली करून कानाला जुळेपर्यंत फिरव.

मोबाईलचं रेकॉर्डिंग म्हणजे मागे पंखा, कोंबडा, सगळं असणार. पंखा ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने जाईल, नुसत्या पंख्याचा दोन सेकंदांचा तुकडा आधी त्याला दाखवावा लागतो. हात राखून कर, जास्त झालं की आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून येईल. कोंबडा राहू दे. मी तर तो सुरुवातीला मुद्दाम ठेवला असता.

नंतर नाचायला कोळीगीताचा ठेका हवा असं तू पुढे लिहिलंयस. तो ठेका सहाचा, धा धी ना धा ती ना, तीन-तीनचे दोन गट. तयार डान्स लूप सगळे चारात मोजलेले, एका किकमध्ये हाय-हॅटचे (ड्रमसेटमधल्या छोट्या झांजेचे) चार ठोके. तुझ्या ठेक्यात एका किकमध्ये तीन बसतात. चार आणि तीन एकत्र वाजले की भांडी पडल्यासारखं होतं, लोकांना कळत नाही काय चुकलंय पण पाय उचलत नाही. म्हणून तयार हाय-हॅटचा लूप घेऊच नको. एफएलमध्ये स्नॅप (ठोका ज्या रेषेला चिकटतो ती) एक तृतीयांश बीटवर ठेव, एबलटनमध्ये कंट्रोल तीन दाबलं की ग्रिड तीन-तीनची होते, आणि ठोके हाताने टाक. किक पहिल्या धा वर आणि दुसऱ्या धा वर. बेस पण किकबरोबर, आणि किक वाजते तेव्हा बेस क्षणभर दबेल असं साइडचेन लाव, नाहीतर मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर नुसता चिखल ऐकू येतो.

पारंपरिक धवळा कोणाच्या मालकीचा नाही, रेकॉर्डिंग तुझं, आणि गाणारीचाही कायद्यात हक्क असतो, म्हणून बाहेर कुठे टाकायच्या आधी आजीला नीट समजावून विचार आणि गाण्यावर तिचं नाव घाल. झालं की आम्हालाही पाठव. लग्नाची तारीख लिहिली नाहीस!

दोन गाणी एकावर एक टाकली, टेम्पो अगदी जुळवला तरी भयंकर बेसुरं वाटतं. (ठाणे)

टेम्पो जुळला, पट्टी जुळली नाही. एक गाणं काळी चारला आणि दुसरं पांढरी पाचला असेल तर देव आला तरी जुळणार नाही. घरात पेटी किंवा फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेल तर ते लाव आणि दोन्ही गाण्यांचा सा शोध, सॉफ्टवेअर दाखवतं त्या पट्टीवर डोळे झाकून विश्वास नको, आपल्या गाण्यांत ते हमखास म ला सा समजतं. मग एक गाणं एक-दोन पट्ट्या वरखाली कर, तीनच्या पुढे नको, गळा ओळखू येत नाही. जुनी टेपवरची गाणी कधी दोन पट्ट्यांच्या मधेच असतात, तिथे वर पेणच्या ताईला सांगितलं तेच सेंटचं काम. आणि पट्टी जुळूनही एकात कोमल ग आणि दुसऱ्यात शुद्ध ग असेल तर दोन्ही आवाज एकदम चालवू नकोस, एकाने गावं, दुसऱ्याने नुसता ठेका द्यावा.

मुलगा बारावीत आहे, दिवसभर हेडफोन लावून हेच करतो. गणपतीत मंडळाच्या डीजेवर पण जातो. यात काही भविष्य आहे का, की बंद करू? (सांगली)

काका, भविष्य मी सांगू शकत नाही, या धंद्यात पोट भरणारे आहेत आणि चार वर्षांत स्पीकर विकून मोकळे झालेलेही आहेत. जे टिकलेत ते नुसत्या रिमिक्सवर नाही, रेकॉर्डिंग, जाहिरातीचं म्युझिक, लाइव्ह साउंड असं मिळून करतात. बंद केलंत तर तो मित्राच्या घरी करेल एवढं नक्की.

मला काळजी त्याच्या कानांची वाटते. ८५ डेसिबल आवाज आठ तास कान सोसतात असं धरलं जातं, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरच्या भिंतीसमोर तो किती तास उभा असतो ते त्याला विचारा. कानात घालायचे प्लग मिळतात, ते घेऊन द्या, ओरडण्यापेक्षा बरे. आणि नियमही त्याला माहिती हवेत, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. केस झाली की मंडळाचा अध्यक्ष बाजूला होतो आणि सिस्टीमवर उभं असलेलं पोरगं पुढे येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या इथल्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं, त्यावर इलेक्ट्रॉनिक ठेका टाकायचाय. पण ताशा सगळा फाटलाय. दुरुस्त होईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

फाटलेला नाही होणार. वेव्ह झूम करून बघा, वरचं टोक कात्रीने कापल्यासारखं सपाट असेल, तिथला आवाज फोनने घेतलाच नाही, मग परत कुठून आणणार. डीक्लिप नावाची टूल्स अंदाजाने टोक भरतात, थोडंसं फाटलं असेल तर उपयोग होतो, ताशावर होत नाही.

त्यातलं ढोलाचं काही बरं असेल तर खालचा भाग फिल्टरने ठेवा, वरचा ताशा काढून टाका आणि ताशा परत एकट्याकडून वाजवून घ्या. आता घेताना फोन पथकापासून वीस-पंचवीस पावलं लांब, बाजूला, ताशाच्या सरळ समोर नाही, आणि फोनचं नेहमीचं रेकॉर्डर न वापरता जिथे लेव्हल हाताने कमी करता येते असं ॲप घ्या. सगळ्यात जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या (शून्य म्हणजे फाटायची हद्द) आसपास आला पाहिजे, दिसायला बारीक दिसेल, नंतर वाढवता येतो. आणि पथकाला एक काम सांगा, सुरू करायच्या आधी टोलवाल्याने (धातूच्या थाळीवर ठोके देणाऱ्याने) चार ठोके मोकळे द्यायचे. पुढे सगळं जुळवताना ते चार ठोके सोन्याच्या भावाचे असतात.